कौसल्येची बाटली

कीर्तनात हसू हवंच. नुसतं ज्ञान ऐकायला कोण मांडी घालून बसतं? पूर्वरंगात बुवांनी अभंगाचा अर्थ उलगडावा, माना डोलाव्यात. मग उत्तररंगात कथा लागली की मध्येच एखादी कोपरखळी यावी, मांडवभर हशा उठावा, आणि त्या हशातच डोळे कधी भरून आले ते ज्याचं त्याला कळू नये. नरसिंहबुवांच्या कीर्तनात हे सगळं असे. म्हणून तर बळेपेटेच्या मागच्या गल्लीत रामनवमीचा मांडव पडला की पार कॉटनपेटेतनं माणसं येत.

गल्ली तशी लहान. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेली मराठी घरं. पुरुष चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानांत, बायका घरी. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण लागलं तर दोन्ही. पण रामनवमीला गल्ली एक भाषा बोले, बुवांची. नवमीच्या दिवशी दुपारी बाराला रामजन्म. शंख वाजे, पाळणा हले, आणि पानक-कोसंबरीचा, म्हणजे गुळाच्या पन्ह्याचा आणि मुगाच्या डाळीच्या कोशिंबिरीचा, प्रसाद वाटला जाई. पाळण्याची दोरी मात्र कुणीही धरायची नाही. गल्लीत जी पोटुशी असेल तिच्याच हाती ती द्यायची, असा तिथला रिवाज.

ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी दोरी तुंगाच्या हाती होती. तुंगा म्हणजे गुंडोची बायको, आणि गुंडो म्हणजे बुवांचा पेटीवाला. दिवसभर दुकानात कापड मोजायचं आणि संध्याकाळी बुवांच्या मागं बसून भाता मारायचा, हेच त्याचं आयुष्य. बुवांनी श्वास घेतला की गुंडोला कळे, पुढं कोणतं पद येणार. तुंगाला सहावा लागला होता. पहिलंच.

त्याच सुमारास नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातून गल्लीत एक नर्सबाई येऊ लागली. नाव यल्लव्वा. बेळगावकडची, मराठी-कन्नड दोन्ही फर्डं बोलणारी. पांढरं पातळ, हातात पत्र्याची पेटी, आणि आवाज असा की मारुतीच्या देवळाकडनं हाक मारली तर गल्लीच्या टोकाला ऐकू यावी. घराघरांत शिरून पोटुशी बाया हुडकून काढायची. पाय पुढं करायला सांगायची, अंगठ्यानं नडगी दाबून बघायची. पोट तपासायची. आणि जाताना सगळ्यांसमोर, मोठ्यांदा: "गुरुवारी यायचं! सकाळची पहिली लघवी बाटलीत घालून आणायची! विसरायचं नाही!"

सासरे ओट्यावर बसलेले असताना!

गुंडोची आई भागुबाई. तिला हे मुळीच सोसेना. ती बुवांच्या दारात आली.

"बुवा, तुम्ही तरी बोला की काही. आम्ही काय बाटल्या दाखवून बाळंत झालो? सहा बाळंतपणं काढली मी. कुणी विचारलं नाही की बाई, तुझी लघवी कशी आहे."

"कुणी विचारायची छाती होती का, भागुबाई?" बुवा म्हणाले आणि हसले. हसताना त्यांना पुढचं सुचलं. सुचलं की त्यांना राहवत नसे.

रामजन्माच्या कीर्तनात पायसाचा प्रसाद तिन्ही राण्यांनी खाल्ला, तिघींना दिवस गेले, इथवर कथा आली. बुवा थांबले. उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला, आवाज चढवला, कंबरेवर हात ठेवला, आणि मांडवात हुबेहूब यल्लव्वा उभी राहिली.

"अयोध्येची नर्सबाई, हाती बाटली घेई।
राणीसरकार, थोडं पाणी द्या हो लवलाही॥"

गुंडोनं पेटीवर असा काही तुकडा वाजवला की लोक लोळायचे बाकी राहिले. भागुबाईनं पदर तोंडात कोंबला. पाळण्याजवळ बसलेली तुंगा मान खाली घालून हसत होती. मंडळाचे अप्पासाहेब, कापडाचे मोठे व्यापारी, गुडघ्यावर थापा मारत होते. हे सगळं बुवांनी नारदाच्या गादीवर उभं राहून केलं, गळ्यात हार, कपाळी बुक्का. त्या जागेवरून निघालेला शब्द लोक प्रसादासारखा घरी नेतात. हे बुवांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं ते पद गाऊ लागली. यल्लव्वा आली की तिच्या मागं मागं. यल्लव्वा दोनदा वळून खेकसली, तिसऱ्यांदा आलीच नाही. बायकांनीही गुरुवार सोडले. बाटलीचं कुणी नावच घेईना. घेतलंच तर हसू यायचं.

आषाढात तुंगाचं डोकं दुखायला लागलं. सासूनं सुंठ उगाळून लावली. पाय भरून आले होते; चालायचंच, म्हणाली, भरल्या पोटी पाय भरतातच. एका दुपारी चुलीपुढं बसल्या बसल्या तुंगाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तिचं सगळं अंग आकडीनं ताठलं. गुंडोनं घोड्याचा जटका आणला. बुवा बरोबर गेले. मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात दोघं उभे राहिले. तुंगा वाचली. पोटातला मुलगा वाचला नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कन्नडमध्ये विचारलं, "कुठं दाखवत होतात का? लघवी तपासली नव्हती कुणी? हे एकदम नाही होत. आधीपासून बाटलीत दिसतं."

गुंडोनं मान खाली घातली. बाटली हा शब्द बुवांनी त्या बाईंच्या तोंडून ऐकला आणि त्यांच्या कानांत मांडवातला हशा उठला, अगदी तसाच, अप्पासाहेबांच्या थापांसकट.

परत येताना गुंडो म्हणाला, "देवाची इच्छा, बुवा. दुसरं काय."

बुवांनी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा त्यांना पुढं फार त्रास झाला. हाती असता तर तो क्षण त्यांनी परत घेतला असता. कारण गुंडोनं त्यांना दोष दिला नाही. भागुबाईनं दिला नाही. गल्लीत कुणीही दिला नाही. उलट भागुबाई येऊन म्हणाली, "बुवा, तुम्ही त्या दिवशी बरोबर होतात म्हणून आमच्या गुंडोला धीर राहिला हो." बुवा घरात गेले, देवापुढं बसले, आणि उदबत्ती लावायची राहून गेली. त्यांची बायको सुनंदाबाई मागं येऊन उभी राहिली. ती त्या दिवशी कीर्तनात हसली नव्हती. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि बुवांनी विचारलंही नव्हतं.

"बोलून टाका एकदा त्यांच्यापाशी," ती म्हणाली.

"काय बोलू? माझ्या विनोदानं तुमचं पोर गेलं, असं?"

"असंच."

"आणि त्यानं उद्यापासून पेटी बंद केली तर?"

सुनंदाबाईनं उदबत्ती लावली. "म्हणजे काळजी पेटीची," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी रामजन्माला बुवांनी ती नक्कल गाळली. लोक हिरमुसले. "बुवा, बाटली राहिली!" कुणी तरी मागून ओरडलं. बुवांनी ऐकलं न ऐकलंसं करून पुढचं पद घेतलं. गुंडोचं बोट पेटीवर क्षणभर अडखळलं, तो त्या तुकड्याची वाट बघत होता. त्याच्या ध्यानात काहीच आलं नव्हतं, हे बघून बुवांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी तुंगाला पुन्हा दिवस राहिले होते. चैत्रात आठवा चालू होता. गल्लीत सगळे खूश. दोरी पुन्हा तिच्याच हाती द्यायची, असं अप्पासाहेबांनी जाहीर करून टाकलं, आणि वर बुवांना म्हणाले, "आणि हो, यंदा बाटली पाहिजे बरं का! गेल्या वर्षी फसवलंत. माझे पाहुणे खास धारवाडहून येतायत."

"बघू," बुवा म्हणाले.

नवमीच्या सकाळी बुवा आंघोळ, पूजा आटोपून, पांढरं धोतर, लांब अंगरखा, डोक्याला फेटा अशा थाटात गुंडोकडं गेले. पेटीची एक पट्टी आदल्या दिवशी अडकत होती, ती बघायची होती. ओसरीवर भागुबाई भिजवलेली मुगाची डाळ निथळत होती आणि तुंगा काकडी चोचवत बसली होती, कोसंबरीसाठी. ती उठून नमस्काराला वाकली.

बुवांची नजर तिच्या पायांवर गेली. जोडवी नव्हती. त्या जागी, दोन्ही पायांच्या बोटांत, हळदीनं पिवळा केलेला दोरा बांधलेला होता, आणि दोराही मांसात रुतला होता.

"जोडवी कुठायत?" बुवांनी विचारलं.

"बसेनात, बुवा," भागुबाईच म्हणाली. "काल साबण लावून काढली. मोकळी बोटं बरी नव्हेत म्हणून दोरा बांधला. भरतातच पाय."

"तुंगा, डोकं दुखतंय?"

तुंगानं सासूकडं बघितलं. "स्वल्प," ती म्हणाली.

बुवा ओसरीच्या कडेला बसले. आतून गुंडो पेटी हातात घेऊन आला. "काय झालं, बुवा? पट्टी मोकळी झाली बघा, आता अडकत नाही."

"गुंडो, तुंगाची लघवी तपासायला पाठव. आज. आत्ता."

 भागुबाईचं तोंड असं झालं जसं बुवांनी देवापुढं शिवी दिली. "आज? नवमीच्या दिवशी? माझी सून बाटली धरून बळेपेटेतनं जाईल? बुवा, तुम्हीच तर हसवलं होतंत ना आम्हाला! आता तुम्हीच..."

"हो. मीच."

"मी नाही नेणार," गुंडो खाली बघत म्हणाला. "लोक काय म्हणतील? बायकोची... आणि गेल्या वेळी झालं ते देवाच्या मनात होतं. तुम्हीच मान डोलावलीत, बुवा."

"डोलावली. खोटी डोलावली." बुवांचा आवाज कीर्तनातला नव्हता, गुंडोनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. "डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. आधीपासून बाटलीत दिसतं म्हणाली. दोघांनी ऐकलं, आणि दोघांनी देवावर टाकलं. तुझं मी समजू शकतो. मी कशाला टाकलं?"

तुंगा तोवर आत गेली होती. दाराच्या फळीआडून तिचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"बुवा, मी निघाले होते."

"काय?"

"तेव्हा. कीर्तनानंतरच्या गुरुवारी. बाटली पदराखाली घेऊन मी कोपऱ्यापर्यंत गेले होते. तिथं पोरं तुमचं पद म्हणत होती. मला हसूच आलं हो. हसत हसत परत फिरले. बाटली मोरीत ओतली." ती थांबली. "मग पुन्हा गेले नाही. सासूबाईंना नाही सांगितलं, ह्यांनाही नाही."

भागुबाईच्या हातातली डाळीची चाळण कलंडली. गुंडो पेटी हातात तशीच धरून उभा राहिला. बुवांना वाटलं, आता हा मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर फार बरं होईल.

गुंडोनं काढलं नाही. तो नुसता बायकोच्या दिशेला बघत होता.

"मी नेतो," बुवा म्हणाले.

"तुम्ही?" भागुबाई ओरडली. "पूजेच्या हातांनी? हरिदास माणूस? आज नवमी आहे, बाराला जन्म लावायचाय!"

"तुंगा, बाटली दे."

थोड्या वेळानं फळीआडून औषधाची जुनी बुचाची बाटली भरून आली. गरम पाण्यानं धुतलेली, ओली. धरायला तिनं भोवती स्वच्छ चिंधी गुंडाळली होती. बुवांनी ती घेतली. त्यांच्या हाताला तिची ऊब लागली, आणि त्यांना कसंसंच झालं. सोवळ्याचं नव्हे, दुसऱ्याच कशाचं.

गल्लीत मांडव उभा होता. केळीचे खांब, आंब्याची डहाळी, मोठ्या पातेल्यात पानक ढवळलं जात होतं. बुवांनी बाटली उपरण्याखाली धरली आणि झपझप चालू लागले. मांडवाच्या कडेला आले तोच पोरांनी त्यांना बघितलं. आज नवमी, आज बुवांची मजा. एकानं सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं.

"अयोध्येची नर्सबाई, हाती बाटली घेई..."

बुवांचे पाय थांबले. हाच तो कोपरा. इथूनच ती परत फिरली. हसत.

त्यांनी उपरण्याखालचा हात बाहेर काढला. बाटली छातीसमोर धरली, जशी एरवी चिपळी धरतात, आणि चालायला लागले. पोरं आधी खिदळली, मग गोंधळली, मग मागं मागं चालत पद म्हणतच राहिली. पानक ढवळणारे गडी थांबले. कोपऱ्यावर फुलांची पाटी घेऊन बसणारी गंगव्वा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "अय्यो, बुवा, काय हो ते हातात?"

"तुंगाची लघवी," बुवा म्हणाले. "तपासायला."

गंगव्वाचं हसणं ओठांतच विरलं.

प्रसूतिगृहात यल्लव्वा होती. सणासुदीला दवाखाना बंद असला तरी बाळंतपणं थांबत नाहीत. बुवांना दारात बघून तिनं कंबरेवर हात ठेवले, अगदी नकलेत होते तसे.

"या, बुवा. अयोध्येहून आलात?"

"तुंगाची आहे," त्यांनी बाटली पुढं केली. "गुंडोची बायको. पाय भरलेत, डोकं दुखतंय. आठवा आहे."

यल्लव्वाचा चेहरा बदलला. ती पुढं काही टोचून बोलली नाही. बाटलीतलं थोडं काचेच्या नळीत ओतलं, चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर नळीचं वरचं टोक हलवत धरलं. बुवा उभे होते. रामनाम घ्यावं असं त्यांना वाटत होतं, पण घेता येईना; ज्या जिभेनं ते घ्यायचं तिचाच त्यांना विश्वास वाटेना. नळीत उकळी आली. यल्लव्वानं कसलेसे थेंब टाकले. वरचं पाणी ढगासारखं पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं.

"वाईट?" बुवांनी विचारलं.

"चांगलं नाही. पण अजून आकडी आलेली नाही. वेळेत आणलंत." ती हात धुऊ लागली. "आता घरी जा, जटका करा. चालवत आणू नका तिला. मीठ एक कण नाही. डॉक्टरीणबाईंना मी बोलावते. ही आता इथंच राहील, बाळंत होईपर्यंत."

बुवा हलले नाहीत. "यल्लव्वाक्का, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी मीही आले नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "पोरं मागं लागायची. मला राग आला. म्हटलं, दुसऱ्या गल्ल्या आहेत, तिथं जाऊ. तुंगाला सहावा होता हे मला ठाऊक होतं. तिचे पाय मी बघितले होते." नळ बंद करून ती वळली. "आता उभे काय राहिलात? देऊळ नाही हे. पळा."

बुवा खरंच पळाले. फेटा सुटला तो हातात धरून.

जटक्यात तुंगाला बसवलं. गुंडो शेजारी. भागुबाई काही न बोलता तिच्या मागोमाग चढली, काढलेली जोडवी कनवटीला खोचून. जटका वळणावर गेला तेव्हा गुंडोनं एकदा मागं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते बुवांना कळलं नाही, आणि विचारायचा हक्कही उरला नव्हता.

कीर्तन वेळेवर सुरू झालं. पेटीशिवाय. झांज आणि तबला एवढंच. अभंग कोरडा कोरडा वाटत होता, बुवांनाही. पण लोक बसले होते, अप्पासाहेबांचे धारवाडचे पाहुणे पुढच्या रांगेत. कथा पायसापर्यंत आली. राण्यांना दिवस गेले. बुवा क्षणभर थांबले, आणि मांडवातनं लगेच आवाज आला.

"बाटली! बुवा, बाटली येऊ द्या!"

अप्पासाहेबच होते.

"अप्पासाहेब," बुवा म्हणाले, "बाटली गेली. सकाळी मीच पोचवून आलो. तुंगाची."

आणि मांडव हसला. मोठ्यांदा, मनापासून. धारवाडचे पाहुणेसुद्धा. नक्कल सुरू झाली असं सगळ्यांना वाटलं. बुवा नुसते उभे राहिले. हात जोडलेले, हार गळ्यात. हसू थांबायला बराच वेळ लागला. मग पुढच्या रांगेतलं एक एक तोंड मिटत गेलं. पाळण्याजवळ दोरी धरायला कुणीच बसलेलं नव्हतं, ते लोकांच्या आता लक्षात आलं.

"नक्कल नाही ही," बुवा म्हणाले. "मी एकदा हसवलं, आणि तुंगा हसत हसत इथून परत फिरली. तिचं पहिलं पोर गेलं. ते देवावर नका टाकू. ती आता प्रसूतिगृहात आहे. तिच्यासाठी एकदा नाव घ्या. मला एकट्याला घेता येत नाहीय."

 बायकांच्या बाजूनं सुनंदाबाईनं नाव घेतलं, आणि हळूहळू सगळ्यांनी. बारा वाजले. शंख वाजला. पाळण्याची दोरी गंगव्वाच्या मुलीनं धरली. ती पहिलटकरीण माहेरी आली होती, पाचवा महिना होता.

कीर्तन संपलं की हरिदासाच्या पायांना हात लावायचा असतो. बुवा पाय अंगरख्यात ओढून घेत होते. लोक वाकत आणि बाजूला होत. अप्पासाहेब वाकले नाहीत, नुसता नमस्कार करून गेले. शेवटी गंगव्वा आली. वाकली नाही. पदराआड काही धरलं होतं.

"बुवा, संध्याकाळी प्रसाद घेऊन जाणार ना तिकडं?"

"जाणार."

"मग हीही न्याल का? आमच्या पोरीची. ती लाजते हो." तिनं इकडंतिकडं बघितलं. "मी गेले असते, पण फुलं कोण विकेल?"

संध्याकाळी बुवा प्रसूतिगृहात गेले तेव्हा तुंगा डाव्या कुशीवर पडली होती. खिडकी पडद्यानं झाकली होती. भागुबाई पायथ्याशी बसून तिची पावलं पदरानं पुसत होती, उगाचच. गुंडो बाहेर ओट्यावर होता. बुवा समोर आले तसा तो उठून उभा राहिला, सवयीनं.

"पेटीवाचून कसं झालं?" गुंडोनं विचारलं.

"वाईट," बुवा म्हणाले.

गुंडोनं मान हलवली. तेवढंच.

आत बुवांनी प्रसादाचं पान काढलं. यल्लव्वानं ते वरच्या वर उचललं आणि वास घेतला.

"कोसंबरी? मीठ आहे यात!"

"प्रसाद आहे, अक्का," भागुबाई म्हणाली.

"प्रसादातलं मीठही मीठच. कपाळाला लावा आणि द्या इकडं. मी खाते."

तुंगा हसली. डोळे न उघडता म्हणाली, "बुवा, आज लोक हसले?"

"हसले."

"बाटलीला?"

"मी नेलेल्या बाटलीला."

"मग पोरं आता तुमच्या मागं गात असतील."

"गातायत. इथपर्यंत आली होती."

 "गाऊ दे," ती म्हणाली. ते क्षमा केल्यासारखं होतं की नव्हतं, हे बुवांना पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. त्यांनी उपरण्याच्या घडीतून गंगव्वाची बाटली काढली आणि यल्लव्वापुढं ठेवली. तिनं भुवया उंचावल्या, बाटली उचलली, आणि दिवा पेटवला.

तुंगाला वैशाखात मुलगी झाली. लहान, चिमणीएवढी, पण रडायला खणखणीत. भागुबाईनं बारशाला यल्लव्वाची ओटी भरली. ती घेताना यल्लव्वा म्हणाली, "बसायला कुठं वेळ, मला अजून दोन गल्ल्या आहेत," आणि बसली मात्र जेवूनच उठायला. गुरुवारी गल्लीतल्या बायका पुन्हा जाऊ लागल्या. ज्या लाजत त्यांच्या बाटल्या पिशवीत घालून बुवा नेत, आणि कुणी कुठं निघालात म्हणून विचारलं तर खरंच सांगत.

रामजन्माचं कीर्तन पुढंही होत राहिलं. नक्कल पुन्हा झाली नाही, कुणी मागितलीही नाही. पण एक गोष्ट नवी होती. शंख वाजला, पाळणा सजला, दोरी पोटुशीच्या हाती दिली, की बुवा पाळणा म्हणायला लगेच सुरुवात करत नसत. पहिला झोका ते रिकामा जाऊ देत. न गाता. बाहेरून आलेल्या लोकांना वाटे, बुवा म्हातारे झाले, दम खातायत.

गुंडोला मात्र ठाऊक होतं, तो झोका कुणाचा. त्या झोक्याला तो भात्यावरून हात काढून घेई.